कुजबुजीचे औषध

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी उलट टपाली विषय कळवून टाकला : मलावरोध आणि त्यावरची औषधे. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी फोन आला. "अहो, आपला अंक घरोघर जातो. लेकीसुना वाचतात, मुले वाचतात. फराळाच्या ताटाशेजारी पडलेला असतो. दुसरे काही सुचत नाही का तुम्हांला?" मी म्हणालो, "फराळाच्या ताटाशेजारी पडलेला असतो, म्हणूनच तर हा विषय सुचला."

संपादक सज्जन आहेत. हसून म्हणाले, "बरे, लिहा, पण जपून लिहा." मी जपून लिहिणार नाही. या एका बाबतीत जपून बोलण्याने आपल्या समाजाचे जेवढे नुकसान झाले आहे, तेवढे उघड बोलण्याने खचित झाले नसते, हेच तर मला सांगायचे आहे.

आधी माझा अधिकार सांगतो. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. साताऱ्यात एका पेठेच्या तोंडाशी माझे औषधांचे दुकान होते. १९७४ साली ते उघडले आणि २०१४ साली मुलाच्या हवाली केले. या चाळीस वर्षांत फळीपलीकडे उभ्या राहिलेल्या माणसांचे आवाज ऐकणे हाच माझा अभ्यास. रक्तदाबाची गोळी मागताना माणसाचा आवाज चढतो; जणू काही ती एक पदवीच आहे. मधुमेहाची गोळी मागणारा तर शेजारच्या गिऱ्हाइकाशी आपली साखर ताडून पाहतो. परंतु पोट साफ होण्याचे औषध मागायचे झाले की तोच माणूस दुकान रिकामे होईपर्यंत पायरीवर घोटाळतो, मग फळीवर ओणवा होतो आणि कुजबुजतो. मीही कुजबुजतच विचारी, "चूर्ण की गोळी?" आणि वस्तू खाकी पिशवीत घालून, पिशवीचे तोंड दुमडून त्याच्या हाती देई. दोघांचीही सुटका होई.

या कुजबुजीत एक गोष्ट हरवत असे, ती म्हणजे प्रश्न. कुजबुजणारा माणूस 'किती घेऊ, किती दिवस घेऊ' हे विचारीत नाही. आणि ऐकणारा 'कधीपासून होते आहे, आणखी काय होते' हे विचारीत नाही. ज्या औषधाबद्दल देणाऱ्याने विचारले नाही आणि घेणाऱ्याने सांगितले नाही, ते औषध नव्हे, तो जुगार आहे. असा जुगार मी चाळीस वर्षे चालू दिला. त्याची किंमत माझ्याच घराने कशी मोजली, ते पुढे सांगेन.

या कुजबुजीच्या मुळाशी तीन समजुती आहेत. त्या तिन्ही आपल्या घरात देवासारख्या पूजिल्या जातात, आणि त्या तिन्हींशी माझे भांडण आहे.

पहिली समजूत अशी की, रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे. नाही झाले तर मळ आत कुजतो, त्याचे विष रक्तात भिनते आणि डोकेदुखीपासून केस गळण्यापर्यंत सगळे रोग त्यातून उपजतात. ही समजूत केवळ आपलीच आहे असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या भल्याभल्या डॉक्टरांना तिने वेड लावले होते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले सर विल्यम अर्बथनॉट लेन हे त्या काळचे निष्णात शल्यवैद्य. मलावरोधाने शरीरात विष भिनते या कल्पनेपायी त्यांनी कित्येक रोग्यांचे मोठे आतडे कापून काढले. पुढे १९२२ साली डोनाल्डसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने निरोगी माणसांच्या गुदाशयात कापूस भरला. झाले! डोके जड, जीभ पांढरी, मन उदास, सगळी 'विषबाधा' हजर! आणि कापूस काढताच ती थोड्याच वेळात नाहीशी झाली. कापसात विष कुठले? गुदाशय ताणला गेला की माणूस बेचैन होतो, इतकाच त्याचा अर्थ. लेनसाहेबांनीही पुढे सुरी ठेवली आणि १९२५ साली एक संस्था काढून ते लोकांना कोंडा, फळे आणि व्यायाम यांचा उपदेश करू लागले.

मग निरोगी माणसाने किती वेळा शौचास जावे? दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत काहीही स्वाभाविक असू शकते. मलावरोध म्हणायचा तो मळ खड्यासारखा कठीण होत असेल, कुंथावे लागत असेल, जाऊन आल्यावरही काही राहिल्यासारखे वाटत असेल किंवा आठवड्यातून तीनदासुद्धा होत नसेल तेव्हा. एका दिवसाची सुट्टी म्हणजे मलावरोध नव्हे. परंतु आमच्याकडे एक दिवस चुकला की रात्री चूर्ण. चूर्णाने आतडे पुरते रिकामे होते, म्हणून दुसऱ्या दिवशी साहजिकच काही होत नाही. मग पुन्हा चूर्ण! रिकाम्या डब्यातून लाडू का निघत नाही म्हणून डबा बडवण्यासारखा हा प्रकार आहे.

दुसरी समजूत अशी की, जे झाडपाल्याचे ते निरुपद्रवी. "अहो, आयुर्वेदिकच आहे, त्याने काय होणार?" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा देवळातली घंटाही ऐकली नसेल. आता बाजारातल्या पुष्कळ चूर्णांच्या डब्यांवरची बारीक अक्षरे एकदा भिंगाखाली वाचा. त्यांत बहुधा सोनामुखी सापडेल. सोनामुखी हे चांगले, जुने आणि खात्रीचे औषध आहे. ते मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू त्यातून क्रियाशील द्रव्य मोकळे करतात आणि सहा ते बारा तासांनी आतडे आवळू लागते. म्हणून ते रात्री घ्यायचे. इंग्रजी दुकानात सेन्ना म्हणून मिळते ती हीच. म्हणजे जे गृहस्थ 'मी ॲलोपथी घेत नाही' असे छातीवर हात ठेवून सांगतात, ते रोज रात्री तेच औषध मापाशिवाय, चमच्याच्या शेंडीने घेत असतात!

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी निदान आयुर्वेद तरी वाचावा. शार्ङ्गधराने कोठा साफ करणाऱ्या द्रव्यांचे चार वर्ग केले आहेत : अनुलोमन, स्रंसन, भेदन आणि रेचन. हिरडा पहिल्यात, बहाव्याचा मगज दुसऱ्यात, कुटकी तिसऱ्यात आणि निशोत्तर चौथ्यात. कोणाचा कोठा मृदू, कोणाचा मध्यम, कोणाचा क्रूर हे पाहून औषध ठरवायचे, असा त्या शास्त्राचा दंडक. चरकाने तर शरीराचे वेग अडवू नयेत यासाठी एक अख्खा अध्याय दिला. आणि वेग नसताना तो बळेच आणू नये, असे वाग्भटाने बजावले. एवढा विचार करणारे शास्त्र कुठे, आणि 'दोन चमचे घ्या, सकाळी मोकळे व्हा' ही जाहिरात कुठे!

झाडपाल्याच्या निरुपद्रवीपणाचा एक दाखला माझ्या लहानपणचा आहे. साल १९५७ असावे. आमच्या वाड्यात महिन्यातून एका रविवारी सगळ्या मुलांना ओळीने बसवून एरंडेल पाजण्याचा सोहळा होई. आजी चहात एरंडेल घाली. वर तरंगणारे ते तेलाचे डोळे आजही आठवले की अंगावर काटा येतो. त्या वर्षी सुट्टीला आलेल्या माझ्या मावसभावाच्या पोटात दुखू लागले. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. अंगात कसर होती, एकदा उलटीही झाली. आजीने निदान केले, "कोठा बिघडलाय", आणि भरपूर एरंडेल पाजले. रात्री तो गुरासारखा ओरडला. सकाळी त्याला मिरजेला नेले तेव्हा आंत्रपुच्छ फुटून पोटात पू पसरला होता. दोन महिन्यांनी तो घरी आला, वाचला. पण पोटावरचा वीतभर वण त्याने जन्मभर वागवला. आजी दुष्ट नव्हती. आपण काय केले ते तिला कोणी सांगितलेच नाही. पुढच्या महिन्यात रविवारी आम्ही पुन्हा ओळीने बसलो.

म्हणून हा पहिला नियम घराच्या भिंतीवर लिहून ठेवा : पोटात नव्याने जोराचे दुखत असेल, उलट्या होत असतील, ताप असेल, पोट फुगून वारासुद्धा सरत नसेल, तर कोणतेही रेचक देऊ नका, चूर्ण नको, एरंडेल नको, गुदद्वारातून ठेवायची गोळी नको, बस्ती नको. सरळ डॉक्टर गाठा. आणि गर्भारशीला एरंडेल मुळीच देऊ नये. त्याने आतडेच नव्हे, गर्भाशयही आवळू लागते.

तिसरी समजूत सगळ्यांत जुनाट. या गोष्टी बोलायच्या नसतात! महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या मलावरोधाबद्दल आणि त्यासाठी घेतलेल्या रेचकांबद्दल मोकळेपणी लिहिले. परंतु त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या घरांतसुद्धा सुनेला हा विषय सासूपुढे काढता येत नाही. आणि या लाजेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही हे ध्यानात घ्या. पुरुष परसाकडे जातो तेव्हा घर त्याची वाट पाहते. बाईला वेग येतो तेव्हा पोळ्या तव्यावर असतात, मुलाची शाळेची बस दारात असते, नाहीतर एसटीच्या स्टँडवर पाऊल ठेवण्याजोगे शौचालय नसते. ती वेग मारते. सहलीच्या दिवशी तर पाणीही पीत नाही. मुंबईत बायकांनी मुताऱ्यांच्या हक्कासाठी २०११ साली मोहीम काढली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. ती नाके ज्यांची होती, त्यांनी एक दिवस तरी तसा काढून पाहावा. शाळेतल्या घाण संडासात जायला नको म्हणून मूल आवरून धरते, मळ कडक होतो, कडक झाला की दुखते, दुखते म्हणून ते आणखी आवरते. अशा मुलाला आपण हट्टी म्हणतो आणि धपाटे घालतो. त्याला हवा असतो तो डॉक्टरांनी ठरवलेला सौम्य औषधाचा क्रम, बहुधा काही महिन्यांचा, आणि जेवणानंतर निवांत बसण्याची दहा मिनिटे.

आता कोणी म्हणेल, नुसतीच टीका करता. मग करावे काय? तेही सांगतो, आणि लाज सोडून सांगतो.

पहिली पायरी औषधाची नव्हेच. उठल्यावर आणि न्याहारीनंतर आतडे आपोआप जागे होते. ती वेळ वर्तमानपत्राला किंवा मोबाइलला न देता शौचाला द्यावी. कमोडवर बसणाऱ्याने पायांखाली एखादा बुटका पाट किंवा स्टूल घ्यावे. गुडघे वर आले की गुदाशयाला पडलेली मुरड सरळ होते; भारतीय बैठकीत हे आपसूक साधते. फळे, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, कोंड्यासकट भाकरी हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पाणी पुरेसे प्यावे. पण मुळातच पुरेसे पिणाऱ्याने तांब्यामागून तांब्या रिचवल्याने जादू होत नाही. आणि घरातल्या औषधांचा डबा उघडून पाहा. लोहाच्या गोळ्या, चुन्याच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, काही वेदनाशामके, रक्तदाबावरच्या आणि मनाच्या काही गोळ्या, सर्दीच्या गोळ्या यांतल्या कितीतरी मलावरोध करतात. थायरॉइड मंदावल्यानेही तो होतो. एका औषधाच्या त्रासावर दुसरे औषध चढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; मात्र चालू औषध परस्पर बंद करू नये.

दुसरी पायरी इसबगोलाची. गुजरातेतून येणारा हा भुसा पाणी शोषून फुगतो आणि मळ मऊ व भरीव करतो. पण तो फुगतो हेच विसरून लोक कोरडी फक्की मारतात आणि वर घोटभर पाणी पितात. मग तो घशात किंवा अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा, वर आणखी पाणी प्यावे आणि लगोलग आडवे होऊ नये. ज्याला गिळताना त्रास होतो त्याने, आणि ज्याच्या आतड्यात अडथळा असण्याची शंका आहे त्याने तो घेऊ नये. इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवावा. सुरुवातीला पोटात वारा धरतो. म्हणून हळूहळू वाढवावा.

तिसरी पायरी मळात पाणी खेचणाऱ्या औषधांची. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाची पूड पाण्यात विरघळवून घेतात. ती एक ते तीन दिवसांत काम करते, आणि आजच्या तज्ज्ञांचा तिच्यावर चांगलाच भरवसा आहे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०२३ साली मिळून ज्या शिफारशी केल्या, त्यांत तिला वरचे स्थान आहे. लॅक्टुलोजचे गोड पातळ औषध असेच, एकदोन दिवस घेते, त्याने गुडगुडते. मॅग्नेशियाचे पांढरे दूध आपल्याकडे फार चालते. ज्याची मूत्रपिंडे कमजोर आहेत त्याने मात्र ते डॉक्टरांवाचून घेऊ नये, कारण मॅग्नेशियम अंगात साठते. त्यात पुष्कळदा लिक्विड पॅराफिन मिसळलेले असते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना ते पाजू नये. गिळताना ते तेल फुप्फुसात उतरले तर न्युमोनिया होतो.

चौथी पायरी आतड्याला चाळवणाऱ्या औषधांची : सोनामुखी, बिसाकोडिल वगैरे. अडल्यावेळी ती उत्तम. आपल्या मनाने घ्यायची तर आठवड्याहून अधिक नको. त्यापुढे डॉक्टरांच्या नजरेखाली. इथे माझ्याच बाजूच्या लोकांची एक अतिशयोक्ती खोडून काढतो. 'रेचकांनी आतडे कायमचे मरते' असा धाक आम्ही घालीत असू. नेमक्या मापाने घेतलेल्या औषधाने तसे होते याला आज भक्कम आधार उरलेला नाही. सोनामुखीने आतड्याचे अस्तर काळवंडते, पण औषध थांबवल्यावर ते हळूहळू निवळते. खरा धोका मापाबाहेर घेण्याचा आहे. जुलाबांवाटे पाणी आणि पोटॅशियम निघून जाते, आणि हृदयाची किंवा लघवी होण्याची औषधे चालू असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकते. आणखी एक. बिसाकोडिलच्या गोळीवर एक लेप असतो, तो आतड्यात जाऊन विरघळावा म्हणून. आपल्याकडे रात्रीची गोळी दुधाबरोबर घेण्याची रीत! दुधाने तो लेप पोटातच विरघळतो आणि मग मुरडा येतो. गोळी पाण्याबरोबर, न फोडता, न चावता घ्यावी. आम्लपित्ताचे औषधही त्या वेळी नको.

आणि आता ती वस्तू, जिचे नावच कोणी घेत नाही : सपोझिटरी, गुदद्वारातून ठेवायची गोळी. आयुर्वेदात तिला वर्ती म्हणत; म्हणजे आपल्या पूर्वजांना तिची लाज नव्हती. माझ्या दुकानातून ती घेऊन गेलेल्या एका गृहस्थांनी पाण्याबरोबर गिळली आणि 'चव फार वाईट आहे हो' अशी तक्रार घेऊन ते परत आले. दुसऱ्या एकांनी ती चांदीच्या वेष्टनासकट ठेवली आणि दोन दिवस यातना भोगल्या. मी दोन्ही वेळा हसलो. आज त्या हसण्याची शरम वाटते, कारण दोघांनाही ती देताना मी एक शब्द बोललो नव्हतो.

तर तो शब्द आता बोलतो. हात धुवा. उन्हाळ्यात गोळी मऊ झाली असेल तर वेष्टनासकट थंड पाण्यात धरा. मग वेष्टन पुरते काढा, गोळी पाण्यात किंचित भिजवा. डाव्या कुशीवर निजा, वरचा पाय पोटाशी घ्या. मोठ्या माणसाने ती बोटाने इंचभर आत, स्नायूच्या कड्यापलीकडे सारावी; मळात खुपसू नये, आतड्याच्या भिंतीला टेकवावी. मग पंधरावीस मिनिटे पडून राहावे. ग्लिसरिनची गोळी बहुधा पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात काम करते, बिसाकोडिलची तासाभराच्या आत. न्याहारीनंतर अर्ध्या तासाने ठेवली तर शरीराची स्वतःची मदत होते. हात पुन्हा धुवा. संपले! यात लाजण्यासारखे काय आहे? गुदद्वारातून रक्त जात असेल, तिथे फार दुखत असेल, तर मात्र ठेवू नये. फॉस्फेटचा तयार एनिमा चोवीस तासांत एकदाच. एकापेक्षा अधिक वेळा दिल्याने मूत्रपिंडांना व हृदयाला इजा होऊन माणसे दगावल्याचा इशारा अमेरिकी औषध-प्रशासनाने २०१४ साली दिला आहे. म्हातारी माणसे, मूत्रपिंडाचे रोगी यांना तो विचारल्यावाचून नको, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला तर कधीच नको.

बाळाचे नाव निघाले म्हणून सांगतो. एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ आणि साबणाची कांडी, ही आमच्या घरांतली बाळांची 'सपोझिटरी'. साबणाने ती कोवळी त्वचा भाजल्यासारखी होते. देठाने इजा होते. अंगावर पिणारे बाळ दीड महिन्याचे झाल्यावर चारपाच दिवस शी करीत नाही, कधी आठवडाभरही नाही. ते पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि होते ती शी मऊ असेल, तर त्याला काही करू नका. त्या देठाचा विडा करून आजोबांना द्या. मात्र जन्मल्यापासून अट्ठेचाळीस तासांत पहिली काळी शी झाली नाही, किंवा बाळ हिरवे ओकले, तर क्षणाचा विलंब नको. आणि दुसऱ्या टोकाला घरातले म्हातारे. अंथरुणावरच्या वृद्धाला एकाएकी पातळ होऊ लागले की आपण जुलाब थांबवणारी गोळी देतो. कित्येकदा आत कडक मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असते. म्हणून गोळी देण्याआधी डॉक्टरांना पोट दाखवा.

आता माझ्या घराची गोष्ट.

माझी थोरली बहीण, अक्का, कऱ्हाडला असे. दर भाऊबीजेला मी जाई. ओवाळून झाले, ओवाळणी ताटात पडली, की ती मला स्वयंपाकघराच्या दाराआड बोलावी आणि हळूच विचारी, "बाळू, आणलंस ना रे?" मी खाकी पिशवी तिच्या हातात देई. चूर्णाचे दोन डबे. वर्षातून दोनतीनदा एसटीबरोबरही पाठवी. पुढेपुढे दोनाचे चार डबे झाले. मला वाटले, शेजारणीलाही देत असेल. मी विचारले नाही. २००३ सालच्या भाऊबीजेला ती ओवाळताना दिसली ती पांढरीफटक. मी म्हणालो, "अक्का, अशक्त दिसतेस." ती म्हणाली, "वय झालं रे." ती साठीची होती. दोन महिन्यांनी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा कळले की दोन वर्षे तिला रक्त जात होते. 'मूळव्याध असेल' म्हणून तिने कोणाला सांगितले नव्हते. मळाची सवय बदलली, बारीक होऊ लागला, राहिल्यासारखे वाटू लागले, तसे तिने चूर्ण वाढवले. गुदाशयाचा कर्करोग होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की तो बोटाला लागण्याइतका खाली होता. दोन वर्षांपूर्वी कोणी नुसते बोटाने तपासले असते तरी कळले असते. चौदा महिन्यांनी ती गेली.

चूर्णाने तो रोग झाला नाही, हे मी पक्के जाणतो. चूर्णाने तो झाकला. आणि चूर्ण देणारा परका नव्हता. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेला सख्खा भाऊ होता. गिऱ्हाइकाला न विचारण्याची सवय इतकी अंगवळणी पडली होती की बहिणीलाही विचारायचे मला सुचले नाही.

म्हणून ही शेवटची यादी फराळाच्या यादीइतकीच जपून ठेवा. मळावाटे रक्त, मग ते लाल असो की डांबरासारखे काळे; कारण नसता वजन घटणे; अंगात रक्त कमी भरणे; चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची वर्षानुवर्षांची सवय एकाएकी बदलणे; घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे. यांतले एकही असेल तर चूर्ण नको, गोळी नको, 'मूळव्याधच असेल' हे घरगुती निदान नको. तपासून घ्या. बहुतेकांना काही निघणार नाही, आणि निश्चिंत मनाने चकली खाता येईल.

कोणी म्हणेल, हे सारे डॉक्टरांनी दवाखान्यात सांगावे. सणासुदीच्या अंकात कशाला? पण दवाखान्यात माणूस जातो केव्हा? घरात कोणी 'जा' म्हटल्यावर. आणि घर 'जा' म्हणते केव्हा? घराला कळल्यावर. दिवाळीत सगळे घर एकत्र जमते. दूरचे जवळ येतात, म्हातारे दिवाणखान्यात बसतात, लेकी माहेरी येतात. विचारायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

अक्का गेल्यापासून भाऊबीजेला तिची मुलगी, माझी भाची, मला बोलावते. आई ज्या पाटावर बसवी त्याच पाटावर बसवते. मागच्या वर्षी ओवाळणी घालून झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात मी तिला विचारले, "पोट कसे आहे गं तुझे? शौचाला नीट होते ना? आता पन्नाशी आली, आईचे लक्षात आहे ना?" जावईबापू खाली पाहू लागले. नातू फिदीफिदी हसला. भाची क्षणभर लाजली, आणि मग ताम्हण खाली ठेवून तितक्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "मामा, तपासून आले गेल्या महिन्यात. सगळं ठीक आहे. घ्या, करंजी घ्या."

मी दोन घेतल्या.